हौसाक्कांची घोडी

आटपाडीच्या जनावरांच्या दवाखान्यात मी नवा डॉक्टर होतो. पहिल्याच भेटीत हौसाक्कांनी घोडीचा लगाम माझ्या हातात दिला. "धरा. घोडं कुणाजवळ गप ऱ्हातंय, ते बघून मी डाक्टर ठरवती." घोडी गप राहिली. मी पास झालो.

वरातीला घोड्या द्यायच्या आणि शिंगरं विकायची, हा अक्कांचा धंदा. ही राणी घरच्याच घोडीची. देखणी, पण अंगाने बारीक. तीन वर्षं घोडा दाखवूनही ती गाभण राहिली नव्हती. गावाचं निदान झालेलं होतं: कपाळावरचा भोवरा वाईट. दीर म्हणे, "लांबच्या बाजारात खपवू." अक्कांनी त्याला चहासुद्धा विचारला नाही.

मी राणीचं रक्त तपासायला पाठवलं. घोडीला एक्स गुणसूत्रं दोन लागतात. हिला जन्मापासून एकच होतं. त्यामुळे बीजकोश वाढलेच नव्हते. यावर औषध नाही, हे सांगताना माझाच आवाज पडला.

"म्हंजी भोवऱ्याचा काय संबंध न्हाई?"

"नाही."

"आन् तिचा बी गुना न्हाई?"

"नाही."

"मग तुमी का तोंड पाडलंय? ऱ्हाईल की माझ्याजवळ. मला तीन पोरं झाली, एक तरी दावणीकडं फिरकतंय का?"

तो अहवाल त्यांनी मला दारातल्या लोकांना वाचून दाखवायला लावला. त्यांना समजावं म्हणून मी 'वांझ' हा शब्द वापरला, आणि तिथेच चुकलो. लोकांनी भोवरा सोडला, तो शब्द धरला. पुढच्या लग्नसराईत नवरदेवाच्या मामाने राणीला मांडवाच्या दारातूनच परतवून लावलं. अक्का कडाडल्या, "गाभण घोडीवर बसवतासा व्हय नवरदेव? मग पोटाची चौकशी कशाला?" तरी राणीला बोलावणी बंद झाली, आणि दीर आता थेट गिऱ्हाईक घेऊन आला. मला लोकांची चीड आली, स्वतःची त्याहून जास्त.

माझं लग्न तासगावला ठरलं. घोडी राणीच हवी, असा मी हट्ट धरला. आई दुसऱ्या घोडीची चौकशी करत फिरली.

वरात निघाली तशी पाहुण्यांत राणीवरून कुजबुज सुरू झाली. अक्कांच्या कानावर ती गेलीच. लग्नघर आहे, आज तरी त्या गप्प बसतील, असं मला वाटलं. त्यांनी बँड थांबवला, पदर खोचला आणि लगाम धरून त्या भर चौकात ओरडल्या,

"सरा बाजूला! वांझ घोडी येतीया!"

सगळे सरले.