राब, रॉकेल आणि गोबरगॅस

परदेशी तेलावाचून देश चालवून दाखवायची जबाबदारी नव्वदच्या दशकात आमच्या गोठ्यावर येऊन पडली. गोठ्यात दोन बैल, एक गाय आणि एक म्हातारी म्हैस. एवढ्या फौजेवर तालुक्याच्या साहेबांचा भारी विश्वास होता. शेणवे गावापासून आत आमच्या गावापर्यंत ते जीपने आले. जीप अर्थातच डिझेलची.

ओटीवर बसून त्यांनी बाबांना समजावलं. आखातात लढाई झाली की इथे रॉकेल मिळत नाही, तेव्हा शहाण्या शेतकऱ्याने गोबरगॅस बांधावा. खर्च एकदाच, त्यातही सरकारी सूट, पुढे सगळं फुकट. शेण फुकट, पाणी फुकट, गॅस फुकट. बाबांना तो शब्द फार आवडला. शेण उचलणारी आणि विहिरीवरून पाणी वाहणारीही फुकटच असल्यामुळे तिचा विषय निघाला नाही. ती आत साहेबांसाठी चहा करत होती आणि खोकत होती.

ती म्हणजे माझी आई. धुराने तिचे डोळे बारा महिने लाल असायचे. पावसाळ्यात लाकडं ओली असली की एका हाताने पदर डोळ्यांना आणि दुसऱ्या हाताने फुंकणी तोंडाला, असा तिचा स्वयंपाक चाले. शेजारीण दारातून विचारायची, “काय गो, माहेर आठवला का?” आणि दोघी हसायच्या. मला त्या हसण्याचा राग यायचा.

दिवाळीनंतर परसात खड्डा खणला, त्यावर लोखंडी टाकी बसली, नळी स्वयंपाकघरात आली. शेगडी पेटली तेव्हा अर्धं गाव बघायला आलं होतं. ज्योत निळी होती, आमच्या कुंपणावरच्या गोकर्णीच्या फुलासारखी. आईने सवयीने फुंकणी उचलली, जोरात फुंकर मारली आणि देशाचं भविष्य विझवून टाकलं. बाबा चिडले. आई मात्र पोट धरून हसली.

तो हिवाळा मला चांगला आठवतो. आईच्या डोळ्यांतली लाली गेली, खोकला कमी झाला. भाकऱ्या थापताना ती गाणी म्हणायला लागली. तिला गाणी येतात हे मला तोवर माहीतच नव्हतं. टाकीत शेण आणि पाणी कालवायचं काम वाढलं होतं, पण ते ती आनंदाने करायची. गुरं दिवसभर रानात चरत आणि तिकडचं शेण तिकडेच टाकून येत. देशाच्या प्रगतीत त्यांना रस नव्हता. म्हणून आई घमेलं घेऊन त्यांच्या मागावर रानात जायची. फुकटच्या गॅससाठी एवढं तर करायलाच हवं.

मग शिमगा झाला आणि राबाचे दिवस आले. आमच्याकडे भाताची रोपं जिथे वाढवायची, त्या तुकड्यावर शेण, झाडांच्या तोडलेल्या फांद्यांचा टहाळ, गवत आणि माती यांचे थर देऊन ते जाळतात. त्याला राब म्हणतात. जमीन भाजली की तण मरतं आणि रोपं जोमाने येतात. त्यासाठी हिवाळाभर शेण साठवावं लागतं. आमच्या शेणाची तोवर निळी ज्योत होऊन गेली होती.

बाबा डगमगले नाहीत. टाकीतून बाहेर पडणारी रबडी शेणाहून सरस, असं साहेबांनी सांगितलं होतं. ते खोटंही नव्हतं. पण साहेबांनी ती शेतात टाकायला सांगितली होती, पेटवायला नव्हे. बाबांनी टहाळाच्या थरावर बादल्या भरभरून रबडी ओतली आणि काडी लावली. आजूबाजूचे राब धडाडून पेटले. आमच्या राबातून नुसता धूर निघाला, तोही आमच्याच घराकडे वळला. बांधावरून कुणीतरी ओरडलं, “सायबाला बोलव ना रं फुंकायला!”

बाबा तडक घरात गेले आणि रेशनच्या रॉकेलचा डबा घेऊन आले. सगळा ओतला. तेलाला पर्याय म्हणून जे आणलं, त्याने घरातलं महिन्याचं तेल एका सकाळी पिऊन टाकलं. राब तरीही अर्धाच भाजला. त्या साली आमची रोपं विरळ आली आणि भातही.

संध्याकाळी आम्ही सगळे काळोखात बसलो होतो, चिमणीत घालायला रॉकेल नव्हतं. बाबा म्हणाले, “शेण एकच हाय. राब तरी कर, नायतर गॅस तरी.”

आई म्हणाली, “पोरांना भात नको का? गॅस खातील का ती?”

पुढच्या हिवाळ्यात तिने स्वतःच्या हाताने सगळं शेण राबासाठी वेगळं काढलं आणि चूल पेटवली. गाणी थांबली. साहेब पाहुण्यांना आमचा प्रकल्प दाखवायला यायचे, त्याआधी तेवढ्यापुरतं टाकीत शेण पडायचं आणि निळ्या ज्योतीवर चहा व्हायचा. “कसं वाटतं, आई?” साहेब विचारायचे. “बरा वाटतो,” म्हणत ती डोळे पुसायची. पाहुण्यांना ते आनंदाश्रू वाटत.

पुढे बैल विकले, नांगरणीला भाड्याचा डिझेलवरचा टिलर आला. तेलाने आमच्या गोठ्याला असं सहज हरवलं. टाकी गंजली. नंतर नवे साहेब आले, बांधावर मोगली एरंड लावा, त्याच्या बियांचं डिझेल होतं, म्हणाले. बाबांनी त्यांना चहासुद्धा विचारला नाही.

मुरबाडला नोकरी लागल्यावर मी शेअर जीपच्या टपावर घालून सिलिंडर घरी आणला. तोवर आईची नजर जवळजवळ गेली होती. डॉक्टर म्हणाले, धुराने होतं असं, फार उशीर झाला. मी शेगडी पेटवली. आई भिंत चाचपत जवळ आली आणि ज्योतीवर लांबून तळहात धरला.

“पेटला का गो?”

“पेटला.”

“निळा हाय ना?”

“निळाच आहे.”

तिने तो तळहात गालाला लावला. मग म्हणाली, “बंद कर आता. ह्यो फुकट नसल.”