पावण्यांचा विमा

माझ्या बायकोच्या मामांइतका विम्यावर विचार केलेला आणि तरीही जन्मात एकही विमा न उतरवलेला माणूस सबंध कोल्हापूर जिल्ह्यात सापडायचा नाही. विमा एजंट लोक त्यांना लांबून पाहून रस्ता बदलतात. मामा कुणाला नाही म्हणत नाहीत, हीच खरी अडचण आहे. ते एजंटाला बसवून घेतात, चहा पाजतात आणि मग ‘समजा’ने सुरू होणारे प्रश्न काढतात. समजा, गाडी चोरीला गेली आणि चोरानं ती दुरुस्त करून परत आणून लावली, तर दुरुस्तीचे पैसे कुणाला? समजा, माणूस मेला असं सगळ्यांना वाटलं आणि तो दहाव्याला उठून बसला, तर? या दुसऱ्या प्रश्नाला एक एजंट अर्धा चहा टाकून उठला, तो पुन्हा मंगळवार पेठेत फिरकलेला नाही. धोका टाळायची मामांची स्वतःची रीत आहे. रविवारचं मटण ते दोन दुकानांतून अर्धा-अर्धा किलो आणतात. “एकाचं चिवट निघालं तर दुसऱ्याचा आधार असावा की,” असं त्यांचं म्हणणं. मग ते दोन्ही मटण एकाच पातेल्यात शिजवतात. त्यामुळे चिवट तुकडा कुठल्या दुकानाचा हे त्यांना आजतागायत कळलेलं नाही आणि दर रविवारी ते दोन्ही दुकानदारांवर सारखेच नाराज असतात.

मामांनी लग्न केलं नाही. त्यातही किती ‘समजा’ आडवे आले असतील याची मला कल्पना आहे. एका खेड्यातल्या दूध संस्थेचे सचिव म्हणून त्यांनी नोकरी केली आणि निवृत्त होऊन पेठेतल्या दोन खोल्यांत एकटेच राहू लागले. तिथे एका संध्याकाळी एक तांबूस गावठी कुत्रं उंबऱ्याशी येऊन उभं राहिलं. आपल्याकडे अनोळखी माणसाला म्हणतात तसं मामा त्याला म्हणाले, “या पावणं, बसा.” ते बसलं, ते आजपर्यंत उठलेलं नाही. नावही तेच पडलं. या प्रकारात खरं नुकसान माझं झालं. आमच्याकडे जावयालाही पावणंच म्हणतात आणि तोवर त्या घरातला एकमेव पावणा मी होतो. एकदा मामांनी आतून “पावणं, जेवायला चला” अशी हाक दिली, तेव्हा आम्ही दोघंही उठलो. मामांनी माझ्याकडे जरा अवघडून पाहिलं. तेव्हापासून मी ‘जावईबापू’ झालो. पावणं मात्र पावणंच राहिले, शिवाय त्यांना अहोजाहो. मामा संध्याकाळी गल्लीत उभे राहून “पावणं, घरला चला की आता” असं ओरडतात, तेव्हा पेठेत कुणाकडे तरी आलेला परगावचा माणूस हमखास वळून बघतो.

गेल्या पावसाळ्यात दोन गोष्टी लागोपाठ झाल्या. मामांना चक्कर आली म्हणून दोन दिवस दवाखान्यात ठेवावं लागलं आणि तेवढे दिवस पावण्यांनी अन्नाला तोंड लावलं नाही. मी भात नेला, दूध नेलं, बायकोनं रस्सा ओतून भाकरी कुस्करली. पावणं दाराकडे तोंड करून पडून होते. मामा घरी आले आणि पाठोपाठ पावण्यांचा मागचा पाय दुखायला लागला. जनावरांचे डॉक्टर म्हणाले, वय झालंय, आता काही ना काही निघत राहणार, हल्ली कुत्र्यांचाही विमा निघतो, बघा परवडतोय का. बस्स. मामांची झोप उडाली. दोघंही म्हातारे, घरात तिसरं कुणी नाही, आणि पावण्यांचे हाल होता कामा नयेत एवढी एकच गोष्ट त्यांना हवी होती.

मामांना विमा माहीत होता तो म्हशीचा. म्हशीचा विमा उतरवला की तिच्या कानात बिल्ला मारतात. बिल्ला नसेल तर म्हैस मेली तरी कंपनीच्या हिशेबी ती मेलेली नसते. म्हणून पहिले आठ दिवस पावण्यांच्या कानाला भोक पाडायचं की नाही यावरच गेले. मामा त्यांचा कान बोटांत धरून बसत आणि म्हणत, “लई पातळ हाय हो जावईबापू, बिल्ल्याचं वजन सोसायचं न्हाय.” मग हप्त्याचा विचार सुरू झाला. “आता बघा, हप्ता भरला आनि पावणं ठणठणीत ऱ्हायले, तर पैसं गेलं. आजारी पडले, तर वसूल. म्हंजे आपला फायदा व्हायला पावणं आजारी पडाय पायजेत. असला फायदा काय करायचाय?” मी म्हटलं, मग नका घेऊ. त्यावर ते दुखावल्यासारखे झाले. “आनि न्हाय घेतला आनि काय झालं, तर तुमी येनार हाय काय खांद्यावर घिऊन?” ज्या कट्ट्यावर ते रोज म्हशीचं ताजं धारोष्ण दूध प्यायला जातात, तिथेही त्यांनी विषय काढला. तिथला गवळी म्हणाला, “कुत्र्याचा विमा? दूध किती देतंय ते?” मामा पेला तसाच ठेवून घरी आले आणि पुढचा आठवडाभर पिशवीतलं दूध प्यायले.

शेवटी मीच कंपनीला फोन लावला आणि आवाज मोठा करून मामांच्या पुढ्यात ठेवला. पलीकडून पुण्याची एक गोड आवाजाची मुलगी बोलत होती. “श्वानाची जात कोणती, सर?” मामा ताठ बसले. “आमी पावण्यांची जात इचारत न्हाय.” तिनं ते सोडून दिलं. “यापूर्वी आपण कुठे दावा केला आहे का?” आता, मामांचं सगळं आयुष्य गुरांच्या संगतीत गेलेलं. त्यांच्या लेखी दावं म्हणजे जनावर खुंट्याला बांधायची दोरी. “छ्या, दावं कवाच न्हाय घातलं. मोकळंच असत्यात,” मामा अभिमानानं म्हणाले. “उत्तम. पहिल्या महिन्यात मात्र दावा करता येणार नाही.” “पहिल्या काय, कंच्याच म्हयन्यात करनार न्हाय.” “आणि दाव्याला कमाल मर्यादा आहे, सर.” मामांनी फोनवर हात ठेवून मला विचारलं, “किती हाताचं देत्यात, इचारू काय?”

मी हसू आवरत अर्थ समजावला. मामांनी मान हलवली, पण ते हसले नाहीत. फोनकडे वाकून त्यांनी आवाज उतरवला. “बाई, एक सांगा. ह्यास्नी काय झालं, तर तुमी मला पैसं देनार. व्हय न्हवं? समजा, मलाच काय झालं, तर ह्यास्नी काय देनार?”

पलीकडून कीबोर्डची टकटक ऐकू आली. मग ती म्हणाली, “तशी पॉलिसी नाही, सर. आमच्याकडे नाही आणि दुसरीकडेही असेल असं वाटत नाही.” मामा म्हणाले, “खरं बोललीस, बरं केलंस बाळ.” आणि विमा तिथेच राहिला.

दुसऱ्या दिवसापासून मामा पावण्यांना घेऊन आमच्याकडे येऊ लागले. डबा बायकोच्या हातात द्यायचा आणि सांगायचं, “तुज्या हातनं घाल. मी हितं हाय म्हनून सांगू नगंस.” मग फाटकाबाहेर जाऊन ते तिथं लावलेल्या एखाद्या रिक्षाआड उभे राहत. पावणं ताटलीकडे बघत, फाटकाकडे बघत आणि जेवायला नकार देत. मामांना चिकाटी भारी. कधी भात, कधी कालवलेली भाकरी, रविवारी दोन दुकानांचं मटण. मला हा खेळ बघवत नसे. आपल्यामागं आपल्या माणसानं दुसऱ्याच्या हातचं खावं म्हणून एवढी खटपट करणारा माणूस मी पाहिला नव्हता आणि त्यांच्याविषयी एवढी माया मला पूर्वी कधी वाटली नव्हती.

परवा पावण्यांनी ताटलीत तोंड घातलं. सगळं संपवलं, ताटली चाटली आणि बायकोच्या पायाशी अंग टाकलं. मी बाहेर जाऊन मामांना सांगितलं.

“खाल्लं? सगळं?”

“सगळं, मामा.”

“बेस झालं,” मामा म्हणाले. “लई बेस झालं.” त्यांनी टोपी काढून झटकली आणि परत घातली. घराकडे निघाले, चार पावलांवर थांबले आणि माझ्याकडे न बघताच म्हणाले, “एखादा घास तरी ठेवायचा की.”