कडीबाईंचा शनिवारचा वर्ग

माझ्या लग्नात ती दोन वेण्या उडवत हिंडत होती, तरी मला तिला ‘वन्सं’ म्हणावं लागलं. ते अजूनही जड जातं. ही माझी धाकटी नणंद, आमच्या भागातल्या मोठ्या शाळेची मुख्याध्यापिका. मुलं पाठीमागे तिला कडीबाई म्हणत, आणि ते नाव तिने कमावलेलं होतं. दोन मुलं भांडली की ती दोघांना एका खोलीत घाली, बाहेरून कडी लावी आणि समेट झाल्याशिवाय दार उघडत नसे. बहुतेकदा समेट व्हायचाही. असं यश मिळालं की माणसाची अक्कल तिथेच गोठते.

तिने लग्न केलं नाही. आमच्याच घरात वरच्या मजल्यावर राहायची. म्हणजे झोपायला यायची. सुट्टीच्या दिवशीही शाळेचा गळका नळ दुरुस्त करून घ्यायला ही प्लंबरच्या डोक्यावर उभी. शाळा कायमची सुटल्यावर ही बाई करणार काय, हे घरात कुणी विचारत नसे. उत्तर काय येईल याची सगळ्यांना धास्ती होती.

निवृत्ती तोंडावर आली आणि शाळेत दोन प्रकार घडले. स्वच्छतागृहात नशेच्या गोळ्यांची रिकामी पाकिटं सापडली आणि मैदानावर एका मुलाचं डोकं फुटलं. संस्थेने तिला सांगितलं, हे थांबवणारा कार्यक्रम आखा. शिक्षण खात्याने तो नमुना म्हणून निवडला तर तुम्हाला मुदतवाढ. मी कॉलेजात मानसशास्त्र शिकवलेलं, म्हणून संस्थेने मला समितीवर घेतलं. वन्संच्या मते चहापुरतं.

मी म्हटलं, आधी मुलांची नावं न विचारता शाळेत नेमकं काय चाललंय ते त्यांनाच विचारा. मग सगळ्याच वर्गांना, अगदी लहानांपासून, दरवर्षी शिकवा. राग आला की काय करायचं, मित्राने गोळी पुढे केली तर मैत्री न तोडता नाही कसं म्हणायचं, हे त्यांच्याकडून करून घ्या. भाषणं नकोत. पालकांना बोलवा, आणि वर्षभराने फरक पडला का ते तपासा. तिने सगळं ऐकून घेतलं.

“वहिनी, तुमच्या कार्यक्रमाला फळं येईपर्यंत माझ्या फोटोला हार चढलेला असेल.”

तिची योजना तयारच होती. शपथ, घोषणा, चित्रस्पर्धा, आणि मुख्य म्हणजे शनिवारचा ‘विशेष वर्ग’. शिक्षकांनी ज्यांच्याकडे बोट दाखवलं ती सगळ्या इयत्तांची मुलं उचलून एका खोलीत. सवयच ती. मी म्हटलं, सर्दीवाल्यांना एकत्र कोंडून सर्दी जात नाही, नुसती खोडकर असलेली पोरं तिथल्या बिलंदरांची शागीर्द होतील. व्यायामशिक्षक फिदीफिदी हसले. वन्संनी निवृत्त लोकांनी विश्रांती घ्यावी असं सुनावलं. मग मीही बोलले. काय ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्यानंतर आम्ही जिन्यात समोरासमोर आलो तरी एकमेकींच्या चपलांकडे बघून वाट काढत होतो.

वर्ग सुरू होऊन काही शनिवार गेले आणि खात्याच्या तपासणीचा दिवस आला. खात्याचे अधिकारी, संस्थेचे अध्यक्ष, आम्ही समितीवाले, सगळे त्या खोलीत. मुलं हाताची घडी घालून इतकी गरीब दिसत होती की मलाच शंका आली. अधिकाऱ्यांनी पहिल्या बाकावरच्या सातवीतल्या मुलीला उभं केलं. वर्गातल्या एकीला तिने कंपासपेटी फेकून मारली होती, एवढाच तिचा गुन्हा. या वर्गाचा काय फायदा झाला, असं त्यांनी विचारलं.

“सर, आधी मला शाळेत कुणी ओळखत नव्हतं,” ती मनापासून म्हणाली. “आता दहावीतले स्वतःहून हाक मारतात. मागच्या बाकावरचा दादा म्हणाला, कुणी त्रास दिला तर फक्त नाव सांग. आणि काही लागलं तरी सांग.”

अधिकारी खूश. मुलांत कसा छान बंधुभाव आलाय, असं म्हणत त्यांनी पेन काढलं. मागच्या बाकावरचा दादा म्हणजे ज्याच्या दप्तरात पुढे नशेच्या गोळ्यांची तसलीच पाकिटं सापडली तो. तो खिडकीबाहेर बघू लागला. मी तोंड उघडणार तेवढ्यात वन्संनी विचारलं, “काही म्हणजे काय गं?”

मुलीने मागे वळून पाहिलं आणि ती खाली बसली.

वन्संना गप्प बसता आलं असतं. पेन कागदावर टेकलेलं होतं.

“साहेब, हा वर्ग नमुना म्हणून घेऊ नका. मी तो आजपासून बंद करतेय.”

अध्यक्ष खोकले. किरकोळ सुधारणा करता येतील, असं अधिकारी म्हणाले.

“सुधारणा कसली? आखणीच चुकलीय. या पोरीला त्याच्या पुढ्यात मी आणून बसवलं.”

बाहेर आल्यावर मी मूर्खासारखं काहीतरी बरं बोलायला गेले. तिने मला तिथेच थांबवलं. “तुमचं खरं ठरलं. ऐकायचं होतं ते ऐकलंत ना? आता काही दिवस मला तोंड दाखवू नका.”

मुदतवाढ गेली. नव्या मुख्याध्यापकांनी माझी योजना घेतली, निम्मी कापली आणि वन्संच्या योजनेतली शपथ तेवढी ठेवली. त्या मुलीला शनिवार मोकळा मिळाला. पुढे तिचं काय होईल ते कुणी सांगावं. आणि वन्सं आता दिवसभर आमच्याकडे खाली असतात. काल माझी योजना लाल पेनने तपासून त्यांनी पुढ्यात टाकली. पालकसभा सकाळी दहाला ठेवलीय, तेव्हा नोकरीवर गेलेल्या आया येणार कशा. पण आरामात दुपारचे तास घेणाऱ्यांना हे कुठून सुचायचं, असं म्हणाल्या. मुद्दा बरोबर होता. मी त्यांना जिना दाखवला. त्या गेल्या नाहीत, खुर्ची ओढून माझ्यासमोर बसल्या आणि म्हणाल्या, दुसरं पान काढा.