मंगळाच्या वाटचं

बदलीचा अर्ज करून सहा वर्षं झाली होती. मी जळकोटजवळच्या एका गावात शाळेवर, नवरा आणि मुलगी नांदेड जिल्ह्यात, हिमायतनगरला. मुलीला चौथ्या वर्षी सासूबाईंकडे ठेवलं, 'वर्षभरात येतेच' म्हणून. आता ती दहा वर्षांची होती. लातूरच्या कचेरीत गेलं की बाबू मान वर न करता सांगायचा, "म्याडम, नवा जिल्हा व्हायलाय म्हणं. तुमचा तालुका तिकडं गेला तर सगळे कागद नव्यानं. थांबा जरा." नवा जिल्हा होत नव्हता आणि जुना मला सोडत नव्हता. शाळेतल्या एका बाईंनी शनीला तेल घालायला सुचवलं. आमच्या आजोबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हापासून घरात कुणी ग्रहांपुढे हात जोडले नव्हते. मी बदलीपायी ते सुरू करणार नव्हते.

त्या वर्षी दुष्काळ पडला आणि उन्हाळ्याची सुट्टीही गेली. पोरांना सुट्टीतही शाळेत खिचडी द्यायची असा हुकूम आला, म्हणजे बाई हजर हव्यातच. शेवटी नवऱ्यानं मुलीलाच आणून सोडलं.

ती पाहुण्यासारखी वागायची. "पाणी घेऊ का?" असं विचारून प्यायची. माझ्या घरात! मला आधी रडू यायचं, मग राग.

एका सकाळी आम्ही टँकरसाठी घागर रांगेत लावून बसलो होतो. तिचं मन रमावं म्हणून मी मासिकात वाचलेलं सांगू लागले. ग्रह पहिल्यापासून आपापल्या जागी नव्हते, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. सूर्यमाला नवी होती तेव्हा गुरू सूर्याकडे सरकत सरकत पार आत आला. मागून शनी आला, त्यांची जोडी जमली आणि दोघंही माघारी फिरले.

"हे बघ, रांगेचं टोक म्हणजे सूर्य," म्हणत मी भरात आमची घागर उचलली आणि पाच-सहा घागरींच्या पुढे नेऊन ठेवली.

"ओ बाई, नंबर मोडायलाव व्हय? शाळा शिकवून असं?" मागून एक म्हातारी कडाडली.

"न्हाई हो, पोरीला गुरू दाखवून राहिले..." म्हणेपर्यंत चौघीजणी गोळा झाल्या. तिथं गुरूबिरू काही चाललं नाही. मी मुकाट्यानं घागर होती तिथं आणून ठेवली. मुलगी खुदकन हसली, आल्यापासून पहिल्यांदाच.

"मग काय झालं?" तिनं विचारलं.

"गुरूनं येता-जाता तिथला माल पांगवून टाकला होता. मंगळाला वाढायला फारसं काही उरलंच नाही. म्हणून तो पृथ्वीपेक्षा एवढा लहान." मी तिच्या हातातला तांब्या दाखवला.

ती तांब्याकडे बघत बसली. मला वाटलं, जमलं आपलं. म्हणाले, "एवढा मोठा गुरू माघारी गेला, तर माझी बदली का होणार नाही? मी येईन बघ, कायमची."

"गुरू गेला," ती म्हणाली, "पण मंगळ लहानच राहिला ना?"

मला खोटं बोलवेना. "हो," म्हणाले.

टँकर आला. पुढच्या घागरी एकेक करत भरल्या, उचलल्या गेल्या. मागच्या म्हातारीनं माझा खांदा हलवला.

"बाई, आता सरका की पुढं."