धाकटीच्या वाटचं चालणं

भावजींचं आणि धाकटीचं एक भांडण मी ऐकलं होतं, त्याला आता पंचेचाळीस वर्षं झाली. आमच्या दोन बिऱ्हाडांमध्ये तेव्हा नुसती फळ्यांची भिंत होती. ऐकायचं नाही म्हटलं तरी कान काही काढून ठेवता येत नव्हते. भावजी म्हणजे माझे धाकटे दीर, पोस्टमन, आणि धाकटी त्यांची बायको, माझी जाऊ. त्यांना एका कारखान्यात दुप्पट पगाराची नोकरी चालून आली होती आणि ते नको म्हणत होते.

"सरकारी नोकरी आहे," ते समजावत होते. "म्हातारपणी दोघांना दवाखाना फुकट. अगदी मरेपर्यंत."

धाकटी म्हणाली, "म्हणजे म्हातारपणी औषध मिळावं म्हणून तरुणपणी उपाशी राहायचं?"

 सकाळी भावजी पिशवी खांद्याला लावून टपाल वाटायला गेले, आणि पुढची तीस वर्षं जातच राहिले.

निवृत्त झाल्यावर थोडी वर्षं सरकारने शब्द पाळला. मग एक दिवस टीव्हीवर एक बडे गृहस्थ आले आणि म्हणाले, निवृत्त लोक हल्ली फार जगतात, त्यांच्या औषधपाण्याने तिजोरीला भोक पडतंय. गृहस्थ स्वतः ऐंशीला टेकलेले. त्यांनी किती जगायचं ठरवलंय, ते मात्र कोणी विचारलं नाही.

त्यानंतर नवा कागद आला. आता फुकट नाही, विमा. दर महिन्याला पेन्शनमधून हप्ता कापणार. ज्याला हप्ता कमी हवा त्याने मनगटावर पावलं मोजणारा पट्टा बांधायचा, रोज सहा हजार पावलं चालायचं आणि महिन्याच्या शेवटी तो पट्टा कचेरीत नेऊन मशीनला लावून दाखवायचा. कमी चाललात तर हप्ता दुप्पट. म्हणजे जो धडधाकट त्याला स्वस्त आणि जो अंथरुणाला खिळलेला त्याला महाग. दात कोरून पोट भरणं ऐकलं होतं, पण हे तर दुसऱ्याचे दात कोरणं झालं.

धाकटीचा खुबा तेव्हाच दुखायला लागला होता. मोरीपर्यंत जायचं तरी भिंत धरून. भावजींनी एक दिवस गुपचूप तिचा पट्टा आपल्या हातात चढवला आणि फिरायला गेले. पायांना सवय होतीच. आठवड्याभरात गल्लीला कळलं. मग निवृत्त हेडक्लार्क आले, दमेकरी मास्तर आले, पाणीखात्यातला एक पाय ओढणारा आला, त्याच्या बायकोचाही पट्टा आला. भावजींना नाही म्हणणं कधी जमलंच नाही. सकाळी दारोदार जाऊन ते पट्टे गोळा करायचे, दोन्ही हातांवर कोपरापर्यंत चढवायचे, वर पूर्ण बाह्यांचा सदरा, आणि निघायचे. दुपारी ज्याचा त्याला परत. हेडक्लार्क तर आपल्या ओट्यावर बसून, कमी चाललात आज, अशी चौकशी करायचे. ओट्यावरून! स्वतः संडासाला जायचं तरी जांभई देणारा माणूस.

गल्लीतल्या चौघांची पावलं वर्षभर रोज अगदी सारखी, एकाचाही फरक नाही, आणि कचेरीतल्या एका शहाण्याला ते दिसलं नाही. धाकटीचा पट्टा भावजी घरीही काढत नसत, म्हणून तिची पावलं सगळ्यांहून जास्त भरली. त्याबद्दल तिला कचेरीतून अभिनंदनाचं पत्र आलं. भागातली सर्वांत जास्त चालणारी पेन्शनरची पत्नी! तिने ते पडल्या पडल्या वाचलं आणि मला म्हणाली, "वन्सं नाहीत आता, नाहीतर जळून गेल्या असत्या."

मग डॉक्टरने सांगितलं, खुबा बदलावा लागेल, नाहीतर ही पुन्हा उभी राहणार नाही. भावजींनी मंजुरीला अर्ज केला. आठवड्यात नामंजूर. ते कचेरीत गेले. तिथल्या साहेबांनी कागद पुढे केला. रोज नऊ हजार पावलं चालणाऱ्या बाईंचा खुबा बदलणं ही सरकारी पैशाची उधळपट्टी आहे, म्हणाले.

"साहेब, ती चालत नाही," भावजी म्हणाले. "तिच्या वाटचं मी चालतो."

"तसं लेखी द्या."

भावजींनी पेन उचललं आणि खाली ठेवलं. लेखी दिलं की चौकशी होणार, आणि मग गल्लीतले बाकीचे चारही पट्टे उघडे पडणार. संध्याकाळी हेडक्लार्क धापा टाकत घरी आले. दहा वर्षांत पहिल्यांदा एवढे चालले असतील. आमचं नाव येऊ देऊ नका, एवढंच त्यांचं म्हणणं. वहिनींचा खुबा कसा आहे, हे विचारायला ते विसरले.

कोणाचं नाव न घेता वाट एकच होती. सलग सहा महिने पट्ट्यात पावलं नाहीत असं दिसलं, तर अर्ज पुन्हा बघणार होते. तोवर हप्ता दुप्पट. भावजी सांगताना अडखळत होते. धाकटीने हात पुढे केला.

"द्या तो माझा मला," ती म्हणाली. "इतके दिवस घरगुती पडून होते, आता सरकारी पडते."

पहिल्या महिन्याला शून्य दिसलं तर कचेरीने पट्टा बिघडला असं ठरवून नवा दिला आणि तो महिना मोजलाच नाही. सात महिने ती कळा सोसत पडली. मी तिच्या पाठीला तेल लावायची आणि सरकारला शिव्या द्यायची. शिव्या संपत नव्हत्या, तेल संपायचं.

मंजुरी शेवटी आली. धाकटी आता काठी घेऊन नळापर्यंत जाते. भावजींनी ते पाहिलं नाही. कागद येण्याच्या तीन आठवडे आधी ते गेले, झोपेतच.

आदल्या दिवशी शेवटच्या महिन्याचा हिशेब द्यायचा होता. सकाळी त्यांनी नेहमीसारखे गल्लीतले पट्टे गोळा करून हातांवर चढवले, धाकटीचा तेवढा रुमालात गुंडाळून खिशात ठेवला, हलू नये म्हणून. चालत कचेरीत गेले. रांगेत उभे राहिले. खिडकीतल्या पोराने शून्य बघून शिक्का मारला. येताना ज्याचा त्याला पट्टा दिला. हेडक्लार्कांनी आजची पावलं विचारली, ती सांगितली. घरी येऊन पावती धाकटीच्या हातात ठेवली, नीट ठेव म्हणाले, आणि वहाणा भिंतीशी जोडीने लावून पाय धुवायला गेले.