महिपतरावांची मागची सीट

भवानीनगरच्या आसपास कुणाची लेक बाळंतपणाला आणायची असली, मोतीबिंदू काढलेलं म्हातारं बारामतीहून घरी न्यायचं असलं, की लोक महिपतरावांना फोन लावत. भाड्याच्या गाड्या गावात पुष्कळ होत्या, पण महिपतरावांच्या गाडीत पोटातलं पाणी हलत नाही अशी ख्याती होती. ही ख्याती सांगणाऱ्यांत महिपतराव स्वतः सगळ्यात पुढे असत, हेही खरं. आधी ते कारखान्याला ऊस ओढायच्या ट्रॅक्टरवर होते. त्यामुळे ओझं आणि रस्ता या दोन गोष्टींवर त्यांना कुणी काही शिकवलेलं खपत नसे.

त्यांची एकुलती एक लेक श्रेया लोणी देवकरला दिलेली. जावई दीपक तिथल्याच औद्योगिक वसाहतीत कामाला. श्रेयाला दिवस गेले, सात महिने सरले, आणि पहिलं बाळंतपण माहेरीच म्हणून महिपतराव आणि धोंडाबाई तिला आणायच्या तयारीला लागले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, प्रवासाला हरकत नाही, पण धक्के बसता कामा नयेत. तेवढा धागा पकडून विहीणबाईंनी, म्हणजे दीपकच्या आई राजलक्ष्मीबाईंनी, फोनवर सांगून टाकलं, "तुमच्याकडचा रस्ता उसाच्या ट्रॉल्यांनी पार खाल्लाय. सुनंला हितंच ऱ्हाऊ द्या. आमी काय परकं हाय का?"

महिपतरावांना ते लागलं. अख्ख्या पंचक्रोशीच्या लेकी आपण माहेरी पोचवल्या आणि आपलीच लेक सासरी बाळंत होणार, या विचाराने त्यांना जेवण गोड लागेना. ते तडक बारामतीला सावळाराम मिस्त्रीकडे गेले आणि गाडीला ॲडजस्टेबल सस्पेन्शन, म्हणजे हवं तसं मऊ-कडक करता येणारे शॉकअप, बसवून घेतलं.

सावळारामने त्यांना समजावून सांगितलं. "कंपनीचं शॉकअप म्हंजी तयार सदरा. सगळ्यांला बऱ्यापैकी बसंल असा शिवलेला. गाडीत एक माणूस बसू दे न्हायतर पाच, रस्ता डांबरी असू दे न्हायतर खडीचा, ते आपलं एकसारखंच वागणार. ह्या नव्याला वर ही चकती हाय. हिकडं फिरवली की कडक, तिकडं फिरवली की मऊ. खाली आट्यांवर ही कडी हाय, तिनं गाडी उचलती न्हायतर बसती. स्प्रिंग वजन झेलती आन् शॉकअप त्या स्प्रिंगीचं नाचणं थांबवतंय. दोघांची कामं येगळी. मी समदं मधे ठिवून देतो. मागं कुणाला तरी बसवा, त्याला इचारा, मगच फिरवा. जुन्यात चुकलं तर कंपनीला नाव ठेवता येत व्हतं, आता तुमचं तुमाला."

महिपतरावांनी मान डोलावली. कान मात्र बंद होते, कारण डोक्यात ट्रॉली होती. ट्रॉली भरली आणि मागून दबली, की ती उसाच्या फडातच रुतते. मागची बाजू ताठ राहिली पाहिजे, हा त्यांचा आयुष्यभराचा धडा. लेक, विहीणबाईंनी बांधून दिलेलं सामान, धोंडाबाई, म्हणजे मागे ओझं जास्त. त्यांनी अंगणात गाडीखाली आडवं होऊन मागची बाजू होईल तेवढी उचलली आणि चकती शेवटपर्यंत कडक केली. मग धोंडाबाईंना मागे बसवून एक फेरी मारली. स्टिअरिंगमागे बसलेल्या माणसाला गाडी झकास वाटली. वळणावर झुकेना, मागून दबेना.

"कसं वाटतंय? एकदम मस्त ना?" त्यांनी विचारलं आणि उत्तराची वाट न बघता गाडी परत अंगणात घातली.

ठरल्या दिवशी दोघं लोणी देवकरला पोचले. श्रेयाची बॅग दारात तयार होती. चहा झाल्यावर राजलक्ष्मीबाई पदर खोचून म्हणाल्या, "सून बसायच्या आधी मी बसती. हायवेपत्तर जाऊन येऊ." महिपतराव मनातल्या मनात हसले. परत आल्यावर विहीणबाई कमरेवर हात ठेवून उतरल्या. आवाज चढवला नाही, तोंड वाकडं केलं नाही.

"गाडी चांगली हाय तुमची," त्या म्हणाल्या, "पर सुनंला मी पाठवणार न्हाय."

श्रेयाने बॅग उचलून आत नेली. शेवटी दीपकच म्हणाला, "मामा, मी चालवतो. तुमी मागं बसून बघा की."

स्वतःच्या गाडीच्या मागच्या सीटवर महिपतराव त्या दिवशी पहिल्यांदा बसले. शेजारी धोंडाबाई. पहिल्याच गतिरोधकाला त्यांचं डोकं छताला लागलं. पुढे रस्त्याचं काम चालू होतं, तिथली खडी तर एकेक करून मणक्यात मोजता आली असती. चाकाला खाली जायला जागाच उरली नव्हती, त्यामुळे प्रत्येक खड्डा थेट माणसाला भेटत होता. त्यांनी धोंडाबाईंकडे बघितलं. गतिरोधक यायच्या जरा आधी धोंडाबाई दोन्ही तळवे सीटवर टेकायच्या आणि अंग किंचित वर उचलून धरायच्या. धक्का गेला की पुन्हा खाली. हे आज सुचलेलं नव्हतं, हाताला त्याची सवय होती.

"हे कवा शिकलीस?"

"लई वर्सं झाली."

"म्हंजी पयल्या शॉकअपवर बी?"

"तवा एवढं न्हवतं. पर कंबर दुखायचीच."

"मंग बोलली का न्हाईस?"

"तुमीच इचारायचा आन् तुमीच सांगायचा."

पुढे बसलेल्या दीपकने नजर रस्त्यावरून हलवली नाही. महिपतरावांना लाज वाटली, आणि जावयासमोर वाटली म्हणून जास्तच वाटली. त्यांनी गाडी बाजूला घ्यायला लावली.

कडी फिरवून त्यांनी मागची बाजू खाली आणली, चकती पार मऊ करून टाकली आणि परत शेजारी येऊन बसले. या वेळी विचारून गप्प राहिले. ते जड गेलं, पण राहिले. धोंडाबाई आधी चाचरल्या, मग सांगू लागल्या. "आता लईच मऊ झालं. गतिरोधक मागं गेला तरी गाडी झुलतीया. पोरीला उलटी व्हईल." पुन्हा उतरायचं, पुन्हा थोडं कडक. "मोठ्या खड्ड्याचं जाऊ द्या, ही बारीक खडी कमरंत बसती तिचं बघा." पुन्हा उतरायचं. दीपक उन्हात थांबत होता. शेवटी एका गतिरोधकावरून गाडी गेली आणि धोंडाबाईंचे हात मांडीवरच राहिले. महिपतरावांनी आणखी काही विचारलं नाही.

घरी परतल्यावर राजलक्ष्मीबाई पुन्हा एकदा गाडीत बसून आल्या. कौतुक त्यांनी याही वेळी केलं नाही. घरात जाऊन सुनेची ओटी भरली आणि बॅग दीपकच्या हातात दिली. गाडी बारामती रस्त्याला लागली तोवर श्रेया आईच्या खांद्यावर झोपून गेली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी महिपतराव पुन्हा गाडीच्या मागे उकिडवे बसलेले दिसले.

"आता कशाला?" धोंडाबाई म्हणाल्या. "लेक तर आली."

"काल वजन येगळं व्हतं. आता तुज्या कमरंचं बघू. गावाबाहीर एक फेरी मारू. बस, आन् कसं पायजे ते सांग. मी मधी बोलणार न्हाय."

त्यांनी मागचं दार उघडून धरलं. धोंडाबाई दारापाशी आल्या, पण आत बसल्या नाहीत. गाडीची पुढची सीट गिऱ्हाइकातल्या पुरुषमाणसाची, आणि पुरुषमाणूस नसला की महिपतरावांच्या टॉवेलाची आणि पाण्याच्या बाटलीची. धोंडाबाईंनी तिकडे बघितलं.

"सांगू?" त्या म्हणाल्या. "मला म्होरं बसायचंय."

महिपतरावांनी मागचं दार लावलं आणि पुढच्या सीटवरचा टॉवेल उचलला.