निळ्या टोपीचा उतारू

झांबेताला अख्खं बंदर वचकून असायचं. तिला स्वतःला घाबरलेलं मात्र मी एकदाच पाहिलं, तेही भर दुपारी, लख्ख उन्हात.

ती माझी मावसबहीण. तिचा नवरा आर्गिरिस होडीसकट बुडाला तेव्हा ती जेमतेम चाळिशीची असेल. बंदरावरच्या बायकांनी ठरवून टाकलं, आता ही काळे कपडे घालून चर्चमधले दिवे पुसत बसणार. झांबेताने काळे कपडे घातले आणि टॅक्सी चालवायला शिकली. शिकवणारा प्रत्येक वळणावर छातीवर क्रूस काढायचा, आणि एक दिवस घाटातच उतरून पायी घरी गेला. पण शिकली. बेटावरची पहिली टॅक्सीवाली बाई तीच.

आर्गिरिसला पुरलं त्या दिवशी एक प्रकार झाला होता. त्याचा थोरला भाऊ मिरोन, बकऱ्या पाळणारा, एकटा, तोंडाचा फटकळ. माती पडायच्या आधी सगळ्यांसमोर तो झांबेताला म्हणाला, "तू भांडून त्याला घराबाहेर काढलंस, म्हणून तो असल्या वाऱ्यात गेला."

झांबेता शांतपणे म्हणाली, "तुझी जीभ झडो, मिरोन."

त्यानंतर दोघं एकमेकांशी कधी बोलले नाहीत. मिरोन बकऱ्या घेऊन डोंगरापलीकडच्या जुन्या गावात राहायला गेला. ते गाव आमच्या आजोबांच्या वेळच्या भूकंपात रिकामं झालं. अर्ध्या भिंती उभ्या, अर्ध्या खाली समुद्राच्या कड्यावर घरंगळलेल्या. तिथे दुसरं कोणी राहत नाही. मिरोन दहा-पंधरा दिवसांनी पीठ न्यायला खाली उतरायचा आणि झांबेताची गाडी दिसली की रस्ता बदलायचा.

मोठी जहाजं आमच्याकडे सकाळी येतात, संध्याकाळी जातात. माणसं उतरली की बहुतेक सगळी छत्री उंच धरलेल्या मुलीमागे बसमध्ये चढतात. काही जण मात्र बसकडे पाहतही नाहीत. नकाशा उलटा धरून एकटेच निघतात. ते झांबेताचे. ती धक्क्यावर गाडीला टेकून उभी राहायची आणि मला म्हणायची, "थ्रासो, तो बघ, चुकायला निघालाय. आता माझ्याकडेच येतो."

त्या मे महिन्यातल्या सकाळी तो आधी माझ्याकडे आला. माझं कॉफीचं दुकान धक्क्याला लागूनच आहे. साठीच्या पुढचा माणूस, डोक्यावर निळी टोपी, अंगात गडद कोट. उकाडा इतका की मांजरं टेबलाखालून हलत नव्हती, आणि हा कोटात. हातात पिशवी नाही, गळ्यात कॅमेरा नाही. समुद्राकडे पाठ करून बसला. मी पाण्याचा पेला ठेवला, काय देऊ विचारलं.

"जुन्या गावात जायचंय," तो म्हणाला. आमच्याच भाषेत, पण बोलणं जुन्या वळणाचं. माझी आजी असं बोलायची.

"तिकडे काही नाही हो बघण्यासारखं. किल्ला बघा, संग्रहालय बघा."

"जुन्या गावात," तो पुन्हा म्हणाला.

मी झांबेताला हाक मारली. तो उठला, गाडीत मागे बसला. पेला भरलेलाच राहिला. हे मुद्दाम सांगतोय, कारण पुढे लोक म्हणाले की झांबेताला ऊन लागलं होतं. ऊन लागलं असेल तर आम्हा दोघांनाही लागलं असणार.

वाटेत काय झालं ते तिने मला इतक्या वेळा सांगितलंय की मीच गाडी चालवत होतो असं वाटतं. घाट चढेपर्यंत तो बोलला नाही. आरशात तिला त्याची फक्त टोपी दिसत होती. मग त्याने विचारलं, "वर कोणी राहतं?"

"कोणी नाही. एक म्हातारा आहे बकऱ्यांचा. त्याचं नाव माझ्यासमोर काढू नका."

"मी नाव काढलंच नाही," तो म्हणाला.

रस्ता जुन्या चर्चपाशी संपतो. तो उतरला. झांबेता म्हणाली, "दुपार कलली की येते. उशीर करू नका, जहाज कुणासाठी थांबत नाही." त्याने मान हलवली आणि पडक्या घरांमधल्या बोळात शिरला. त्याचे बूट शहरी, चकचकीत होते, आणि त्या खडीवरून त्यांचा आवाज येत नव्हता. हे तेव्हा तिच्या मनात आलं, पण असं काही मनात आलं की ती रेडिओ लावते. रेडिओ लावून खाली आली.

दुपारी ती परत वर गेली. आमच्याकडे ती वेळ झोपेची. गावात चिटपाखरू नसतं, मग तिथे काय असणार? चर्चपाशी कोणी नव्हतं. होत्या त्या बकऱ्या. मिरोनचा अख्खा कळप एका पडक्या अंगणात दाटीने उभा होता. एकही ओरडत नव्हती. कासा टम्म फुगलेल्या, दूध ठिबकत होतं, आणि सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला, खालच्या बोळाकडे.

झांबेताने हॉर्न वाजवला. मग ओरडली, "चला हो! उशीर झाला! जहाज सुटेल!"

"येतोय," आवाज आला.

जवळच्याच घरातून आला. ती दारापाशी थांबली. कोणी बाहेर येईना. आत डोकावली तर छप्पर नाही, चुलीत अंजिराचं झाड वाढलेलं.

"अहो, कुठे आहात?"

"येतोय." आता तो पलीकडच्या घरातून आला.

ती तिकडे गेली. तिथेही रिकामं. पुन्हा हाक मारली, तर उत्तर आणखी खालून. आवाज पोकळ होता, घसा कोरडा पडल्यासारखा. एकेक घर करत ती बोळ उतरत गेली. चकवा लागलेल्या माणसाला जसं कळत नाही की आपण कधीपासून चालतोय, तसं तिचं झालं. भानावर आली तेव्हा पुढे दोन पडक्या भिंती, आणि त्यांच्यापलीकडे थेट कडा. खाली समुद्र.

ती तिथेच थांबली. मग तिच्या पायापाशी, अगदी खालून, तो आवाज म्हणाला, "झांबेता."

त्या उतारूला तिने आपलं नाव सांगितलं नव्हतं.

आमच्या आज्या सांगायच्या, भर दुपारी अनोळखी आवाजाने नाव घेतलं तर ओ द्यायची नाही, नाहीतर वाचा जाते. झांबेता असल्या गोष्टींना हसायची. त्या दिवशी तिने दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं आणि तशीच धावत वर आली. बकऱ्या बाजूला झाल्या नाहीत, त्यांच्यातून वाट काढावी लागली. घाट ती कशी उतरली ते तिलाच ठाऊक.

माझ्या दुकानात शिरली तेव्हा तिच्या काळ्या कपड्यांवर दुधाचे डाग होते. "थ्रासो," ती म्हणाली, "तो माणूस वर राहिला. आणि वर आणखी कोणीतरी आहे."

आम्ही धक्क्यावर धावलो. जहाजाच्या जिन्यापाशी गणवेशातला पोरगा यंत्रात बघून म्हणाला, सगळे परत आलेत. मी म्हटलं, निळी टोपी, कोट, म्हातारा माणूस. त्याने पुन्हा पाहिलं. जितके उतरले तितके चढले, कोणी कमी नाही. जिना वर ओढला गेला, जहाजाने भोंगा दिला आणि ते गेलं.

बंदर पोलिसातला इसिदोरोस हे सगळं बघत उभा होता. "काय काकी," तो म्हणाला, "जहाजात नसलेले उतारू आणायला लागलात? आता तेवढेच राहिले होते."

"हसून घे," झांबेता म्हणाली. "मी माणूस वर सोडलाय. मी एकटी जाणार नाही, आणि तू मुकाट गाडीत बसणार आहेस."

मी म्हणालो, "इसिदोरोस, मीही पाहिलाय त्याला. पाणी ठेवलं होतं त्याच्यापुढे." त्याने माझ्याकडे बघितलं आणि हसायचा थांबला.

आम्ही तिघं वर पोचलो तेव्हा उन्हं तिरपी झाली होती. बकऱ्या तशाच उभ्या. इसिदोरोस खेड्यातलाच पोरगा, कासा बघून पटकन बोलला, "दोन दिवस दूध काढलेलं नाही यांचं. मिरोन कुठाय?"

मला झांबेताचा चेहरा दिसत होता. ती वळली आणि ज्या बोळातून पळून आली होती त्यात एकटीच शिरली. आम्ही मागे. कड्याजवळच्या त्या भिंतींपाशी ती गुडघ्यांवर बसली, गवत बाजूला केलं. दगडी कठडा लागला. टाक्याचं तोंड. त्या गावात छपरांवरचं पाणी साठवायला बोळाखालून एकच लांबलचक टाकं खणलेलं होतं, आणि प्रत्येक अंगणात त्याला एक तोंड. भूकंपात ते तडकलं, पाणी गेलं, लोक विसरले.

"मिरोन!" ती आत ओरडली. इतक्या वर्षांत तिने ते नाव पहिल्यांदा घेतलं.

"येतोय म्हटलं ना," आतून आवाज आला. "किती वेळा सांगू?"

दोर आणून त्याला वर काढेपर्यंत अंधारून आलं. मांडीचं हाड मोडलेलं, ओठ चिखलाने माखलेले. तळाशी साचलेल्या चिखलातलं पाणी चोखून तो जगला होता. बकरीचं पिल्लू शोधताना पाय घसरला होता. गाडीच्या मागच्या सीटवर आडवा झाल्यावर तो झांबेताला म्हणाला, "चला, उशीर झाला, जहाज सुटेल, असं कोणीतरी ओरडत होतं. मला वाटलं वरून बोलावणं आलं. म्हणून म्हटलं येतोय. मग आवाज ओळखला, तुझा आहे. म्हटलं, मेलो, आपण नरकातच चाललोय."

"गप बस, नाहीतर पुन्हा आत टाकेन," झांबेता म्हणाली. ती रडत होती.

म्हणजे आवाजाचा उलगडा झाला. एका तोंडाकडून दुसऱ्याकडे मिरोनचाच आवाज फिरत होता. इसिदोरोसने मोठा श्वास सोडला आणि सहज विचारलं, "आणि निळी टोपीवाला कुठे गेला, बाबा? आज सकाळी वर आलेला?"

"मी कोणाला पाहिलं नाही," मिरोन म्हणाला. "चालताना ऐकलं फक्त. माझ्या डोक्यावरून. या तोंडापासून त्या तोंडापर्यंत जायचा, परत यायचा. मी हाक मारली की थांबायचा. वाकून कधी बघितलं नाही त्याने."

"आज सकाळपासून ना?"

"आज कसला? मी पडलो त्या रात्रीपासून."

झांबेताने रेडिओकडे हात नेला आणि मागे घेतला.

दुसऱ्या दिवशी अर्धं गाव कुत्री घेऊन वर गेलं. टाकं, घरं, कडा, सगळं पालथं घातलं. होडीतून कड्याखाली शोधलं. टोपी नाही, कोट नाही, काही नाही. जहाजवाल्यांनी लेखी कळवलं की त्यांचा कोणी हरवलेला नाही. आसपासच्या बेटांवरही कोणी हरवलं नव्हतं. कोणी कमी पडत नसेल तर शोधायचं तरी कोणाला? आठवड्याभरात लोकांनी विषय सोडून दिला.

मिरोन इस्पितळातून काठी घेऊन आला तेव्हा धक्क्यावर झांबेता गाडी घेऊन उभी होती. त्याने रस्ता बदलायला इकडेतिकडे पाहिलं. पण काठी टेकत माणूस बदलून बदलून किती रस्ता बदलणार? ती म्हणाली, "मागची खोली झाडून ठेवलीय. बकऱ्या परसात आहेत, माझी द्राक्षाची वेल खाऊन टाकलीय त्यांनी. बस." तो बसला.

शेवटची वर्षं तो तिथेच राहिला. दिवसभर भांडायचे. मसूर खारट का, दार उघडं का. एकदा मी तिथे असताना तो अचानक म्हणाला, "त्या दिवशी कबरीपाशी मी बोललो ते खोटं होतं. वारा आर्गिरिसनेही पाहिला होता. मीही पाहिला होता. मीही त्याला अडवलं नाही." झांबेता मसूर निवडत होती. वर न बघता म्हणाली, "मला माहीत होतं. खा आता." त्या हिवाळ्यात तो झोपेतच गेला. तिने त्याला आर्गिरिसच्या शेजारी पुरलं आणि दोघांच्या नावाने, गेलेल्यांसाठी करतात तो गव्हाचा प्रसाद एकाच ताटात केला.

गाडी ती अजून चालवते. एकटे निघालेले उतारू अजून तिच्याकडे येतात आणि त्यातले काही जुन्या गावात जायचं म्हणतात. ती नाही म्हणत नाही. पण आता सोडून खाली येत नाही, त्यांच्याबरोबर फिरते. एकदा दुकान बंद ठेवून मीही गेलो होतो. डेन्मार्कची एक तरुण बाई होती, एकटीच आलेली. भिंतींचे फोटो काढले, चर्चमध्ये मेणबत्ती लावली, परत निघालो. झांबेता पुढे, मग ती बाई, मग मी.

गाडीपाशी आल्यावर झांबेताने त्या बाईसाठी मागचं दार उघडलं. ती बसली. मी पुढे बसलो. झांबेता मात्र वळसा घालून पलीकडे गेली, मागचं दुसरं दारही उघडलं, आणि ते धरून उभी राहिली. वारा नव्हता. बोळ रिकामा होता. ती त्या बोळाकडे बघत होती, जसं जिना उतरणाऱ्या म्हाताऱ्या माणसाकडे बघतात, घाई न करता.

मग तिने दार हलकेच लावलं.

"कोणाची वाट बघत होतात?" त्या बाईने विचारलं.

"कोणाची नाही," झांबेता म्हणाली. "गाडी तापते हो उन्हात. जरा हवा खेळू दिली."

घाट उतरताना डेन्मार्कची ती बाई खिडकीशी सरकून बसली होती. मागे तिच्याशिवाय कोणी नव्हतं, सीट भरपूर मोठी होती. तरीही ती खाली पोचेपर्यंत तशीच अंग चोरून बसून राहिली.